मार्क नसलेला निकाल: नर्सिंग परीक्षांच्या स्कोअर रिपोर्टचं परीक्षण

नाशिकमध्ये नर्सिंग केलेल्यांना निकाल वाचायला कुणी शिकवावं लागत नाही. आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून नाशिकचंच, त्याची मार्कशीट घराघरांतल्या फायलीत. लेखी ७५, इंटर्नल २५, थिअरी आणि प्रॅक्टिकलला वेगवेगळे ५० टक्के. बेरीज जुळते आणि गाडी कुठल्या विषयात किती मार्कांनी अडली ते बोट ठेवून दाखवता येतं. हीच नजर घेऊन एनक्लेक्सचा, म्हणजे अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळवायच्या परीक्षेचा, रिपोर्ट उघडला की फसगत होते. त्यात मार्क नाहीत, टक्के नाहीत, रँकही नाही. उलट सीईटीच्या स्कोअरकार्डावर दशांश चिन्हापुढे सात आकडे असतात, आणि त्यातला एकही मार्क नसतो.

नाशिकच्या मुला-मुलींच्या हाती हमखास येणारे हे कागद इथं एखादी वस्तू तपासावी तसे तपासले आहेत. कसोटी एकच: कागद वाचून झाल्यावर उद्या सकाळी कुठलं पुस्तक उघडायचं, हे त्यातून कळतं का?

एनक्लेक्स-आरएनचा परफॉर्मन्स रिपोर्ट

पहिली गोष्ट म्हणजे हा रिपोर्ट पास झालेल्याला मिळतच नाही. त्याला फक्त 'पास' एवढं कळतं. नात्यातले सगळे 'किती टक्के पडले?' म्हणून विचारतात तेव्हा सांगायला आकडा नसतो, आणि अमेरिकेतल्या ज्या राज्याचं लायसन्स हवं तिथल्या नर्सिंग बोर्डाकडे मागूनही तो मिळत नाही. नापास झालेल्याला मात्र कॅन्डिडेट परफॉर्मन्स रिपोर्ट, म्हणजे सीपीआर येतो. नर्सला सीपीआर म्हटल्यावर जे आठवतं त्याच्याशी याचा संबंध नाही, पण आलेला कागद मेलेल्या तयारीत जीव घालण्यासाठीच आहे असं समजून वाचला तर उपयोगी पडतो.

त्याआधी निकालाच्या वाटेबद्दल. ज्या राज्याच्या बोर्डाकडे अर्ज आहे ते बोर्ड सहभागी असेल तर परीक्षेनंतर दोन कामकाजाच्या दिवसांनी ७.९५ डॉलर भरून 'क्विक रिझल्ट' बघता येतो. हा निकाल अनधिकृत असतो. शनिवार-रविवार त्यात धरायचे नाहीत, आणि अमेरिकेची घड्याळं आपल्या मागे आहेत हेही लक्षात ठेवायचं; शुक्रवारी मुंबईत परीक्षा देऊन रविवारी रात्री साइट उघडत बसण्यात अर्थ नाही. अधिकृत निकाल बोर्ड देतं, त्याला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. मधल्या काळात पुन्हा नोंदणीचा फॉर्म भरून कोणती खिडकी उघडते ते बघायची एक 'ट्रिक' व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते. ती निकाल नव्हे. वर कार्ड चालून गेलं तर पुढच्या परीक्षेचे २०० डॉलर कापले जाण्याची जोखीम. त्यापेक्षा ७.९५ डॉलर स्वस्त.

आता कागद. वर तुम्हाला किती प्रश्न आले तो आकडा असतो. खाली आठ विभाग, आणि प्रत्येकासमोर तीनपैकी एक शेरा: पासिंग स्टँडर्डच्या वर, जवळ किंवा खाली. बस्स.

सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जातो तो प्रश्नांचा आकडा. एनक्लेक्सचा पेपर सगळ्यांना सारखा नसतो. आयसीयूत नॉरअ‍ॅड्रेनालिन टायट्रेट करतात, म्हणजे बीपी वाढवायचं औषध थोडं थोडं कमी-जास्त करतात, तसा तो चालतो. बीपी बघायचं, रेट एक पाऊल वर, परत बीपी, जास्त झालं तर एक पाऊल खाली. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड, चुकलं की थोडा सोपा. रुग्ण कुठल्या रेटवर स्थिर झाला याला महत्त्व असतं, बीपी किती वेळा घेतलं याला नसतं. परीक्षेतही तुमची पातळी कुठं स्थिरावली हे बघितलं जातं. ती लॉजिट नावाच्या मापात मोजतात आणि आरएनसाठीची (रजिस्टर्ड नर्स) पास होण्याची रेषा २०१३ मध्ये ०.०० लॉजिटवर आणली गेली, त्याआधी ती -०.१६ होती.

या पद्धतीचा एक परिणाम विद्यापीठाच्या पेपरांची सवय असलेल्याला पचत नाही. तुमच्या पातळीएवढ्याच अवघडपणाचा प्रश्न आला तर तो बरोबर येण्याची शक्यता ५० टक्के. संगणक मुद्दाम असेच प्रश्न शोधून देतो. त्यामुळे पास होणारा आणि नापास होणारा, दोघेही साधारण निम्मे प्रश्न चुकवून बाहेर येतात. फरक असतो तो कुठल्या उंचीवरचे प्रश्न चुकले यात. म्हणून टक्केवारी छापलेली नाही. छापली असती तर दोघांची सारखीच दिसली असती.

संगणक थांबतो तो तीन कारणांनी. तुमची पातळी रेषेच्या वर किंवा खाली आहे याची ९५ टक्के खात्री झाली की थांबतो, पण किमान ८५ प्रश्न झाल्यावरच. खात्री होत नसेल तर १५० पर्यंत विचारत राहतो आणि शेवटच्या अंदाजावर निकाल देतो. किंवा पाच तास संपतात. तेव्हा ८५ पूर्ण झाले नसतील तर सरळ नापास, झाले असतील तर दिलेल्या सगळ्या उत्तरांवरून पातळी काढली जाते. म्हणजे ८५ ला संगणक बंद पडणं ही ना आनंदाची गोष्ट ना दुःखाची. खात्री लवकर झाली एवढंच. ८५ ला नापास झालेला रेषेपासून बराच खाली होता, आणि १५० ला नापास झालेला रेषेला घासून गेला. रिपोर्टवरचा आकडा असा वाचायचा. ८५ असेल तर तयारीची पद्धत मुळापासून बदलायला हवी. १४० ते १५० असेल तर पद्धत ठीक आहे, दोन-तीन जागा बुजवायच्या आहेत.

आता ते तीन शेरे. 'जवळ' हा शब्द घातक आहे. आपल्याकडे 'जवळपास झालंच' म्हणजे झाल्यातच जमा. इथं 'जवळ'चा अर्थ असा की या विभागात तुम्ही रेषेच्या वर आहात की खाली, हे ठरवायला पुरेसा पुरावा मिळाला नाही. आणि पुरावा कमी असणं साहजिक आहे. ८५ प्रश्नांत १५ प्रश्न चाचणीपुरते असतात, त्यांचे मार्क धरत नाहीत, उरतात ७०. २०२३ च्या आराखड्यात हेल्थ प्रमोशन, सायकोसोशल आणि बेसिक केअर या तिन्ही विभागांचा वाटा प्रत्येकी ६ ते १२ टक्के. ढोबळ हिशेबाने एकेका विभागाचे चार ते आठ प्रश्न. चार प्रश्नांवरून कुणाची काय पारख करणार? त्यामुळे आठही ठिकाणी 'जवळ' लिहून आलेला रिपोर्ट नापासाचा असतो, यात चूक काही नाही. सगळीकडे थोडं थोडं कमी पडलं की असंच दिसतं, आणि अशा रिपोर्टवर सगळ्यात जास्त वाद घातला जातो.

वाचायची रीत अशी. आठ विभाग उतरवून घ्या आणि प्रत्येकापुढे त्याचा वाटा लिहा: मॅनेजमेंट ऑफ केअर १५ ते २१ टक्के, फार्माकॉलॉजी १३ ते १९, फिजिऑलॉजिकल अ‍ॅडॅप्टेशन ११ ते १७, सेफ्टी अँड इन्फेक्शन कंट्रोल १० ते १६, रिडक्शन ऑफ रिस्क ९ ते १५, बाकी तिघं ६ ते १२. पहिले चार मिळूनच निम्मा ते पाऊण पेपर होतो. म्हणून 'खाली' आलेला बेसिक केअर आणि 'जवळ' आलेला मॅनेजमेंट ऑफ केअर यांत आधी मॅनेजमेंटकडे जायचं. बहुतेक जण उलट करतात, कारण 'खाली' हा शब्द डोळ्यांत खुपतो.

मॅनेजमेंट ऑफ केअर आपल्या नर्सना जड का जातं, याचं कारण अभ्यासात नाही, वॉर्डात आहे. आपल्या वॉर्डात सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉय असतात. अमेरिकेत आरएनच्या खाली एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) असते आणि त्याखाली सहायक, आणि कुणाला कुठलं काम द्यायचं यावर प्रश्नामागून प्रश्न. पहिलं असेसमेंट, रुग्णाला शिकवणं आणि उपचाराचा परिणाम ठरवणं ही कामं आरएन दुसऱ्याला देत नाही. स्थिर रुग्णाचे व्हायटल्स, चालवणं, अंघोळ, इनटेक-आउटपुट ही सहायकाला देता येतात. 'स्थिर' हा शब्द वगळून वाचला की उत्तर चुकतं. दुसरी खोच नातेवाइकांची. आपल्याकडे रिपोर्ट आधी नातेवाइकांना सांगतात, कधी कधी रुग्णाला सांगतच नाहीत. एनक्लेक्समध्ये माहिती रुग्णाची, तिथं मुलगा-सून कुणी नाही. हे प्रश्न सेवाभावाने सोडवले तर हमखास चुकतात.

फार्माकॉलॉजीत 'खाली' आलं म्हणजे औषधं येत नाहीत असंच नाही. पुष्कळदा नाव ओळखू आलेलं नसतं. एनक्लेक्समध्ये जेनेरिक नावं असतात आणि तीही अमेरिकन. पॅरासिटामॉल तिथं असेटामिनोफेन, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनालिन एपिनेफ्रिन, पेथिडिन मेपेरिडिन. वरच्या उदाहरणातलं नॉरअ‍ॅड्रेनालिन नॉरएपिनेफ्रिन. ब्रँडच्या नावाने औषध काढायची सवय लागलेल्या स्टाफ नर्सला हीच यादी आधी पाठ करावी लागते, औषधाची क्रिया नंतर. रिपोर्ट हे सांगत नाही. तो फक्त 'खाली' म्हणतो.

आणखी एक गोष्ट रिपोर्ट लपवतो: मार्क कसे कापले गेले. १ एप्रिल २०२३ पासून नव्या धर्तीचे प्रश्न आले, त्यात किमान तीन केस स्टडी, प्रत्येकीत सहा प्रश्न. 'लागू असेल ते सगळं निवडा' प्रकारात बरोबर खुणेला एक मिळतो, चुकीच्या खुणेला एक जातो, शून्याच्या खाली मात्र जात नाही. काही प्रश्नांत मात्र चुकीची वजाबाकी नसते. काहींत कारण आणि परिणाम दोन्ही बरोबर आले तरच मार्क. समजा पाच पर्याय आहेत, तीन बरोबर. कुणी धास्तीने पाचही खुणा केल्या तर तीन वजा दोन, हाती एक. ज्यांना खात्री आहे त्या दोनच केल्या तर हाती दोन. 'सगळंच टिक करून टाकू' ही सवय मॉक टेस्टमध्येच मोडावी लागते, कारण सीपीआरमध्ये ती कुठंच दिसणार नाही.

दोन प्रयत्नांचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून 'सेफ्टी मागच्या वेळी वर होतं, आता जवळ आलं, म्हणजे घसरलं' असा निष्कर्ष काढू नये. दोन्ही वेळा प्रश्न वेगळे, संख्या वेगळी. सलग दोनदा 'खाली' आलेला विभाग मात्र गांभीर्याने घ्यायचा. आणि 'वर' आलेला विभाग सोडून द्यायचा नाही. महिनाभर हात लावला नाही तर तोच पुढच्या रिपोर्टला 'जवळ' होऊन येतो.

पुन्हा बसण्याआधी किमान ४५ दिवस थांबावं लागतं, वर्षात जास्तीत जास्त आठ वेळा बसता येतं. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत. भारतातून बसताना दर वेळी २०० डॉलर फी आणि १५० डॉलर परदेशातल्या केंद्राचा आकार, वर कर. म्हणजे ४५ दिवस हे शिक्षेचे नसून वाटणीचे आहेत. ड्यूटी सांभाळून साधारण अशी वाटणी जमते: पहिले १५ दिवस वाट्याने सगळ्यात मोठा असलेला कमजोर विभाग, रोज ४० ते ५० प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाचं स्पष्टीकरण, बरोबर आलेल्याचंसुद्धा. पुढचे १५ दिवस दुसरा आणि तिसरा. शेवटच्या दोन आठवड्यांत विभाग विसरून मिश्र प्रश्न, आठवड्यातून दोनदा ८५ चा सलग पेपर, आणि एकदा तरी १५० चा पूर्ण पाच तासांचा. पाच तासांत १५० म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटं. नाइट करून आलेल्या दिवशी मॉक देऊन तो स्कोअर मनाला लावून घेऊ नये.

आणि सेंटर मुंबईत असताना सकाळच्या स्लॉटला त्याच दिवशीच्या पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर निघू नये. गाडी वेळेवर आली तरी नाशिक रोडहून पहाटेपासून जागा असलेला माणूस दुपारच्या शंभराव्या प्रश्नाला थकलेला असतो. ती थकवणारी पहाट रिपोर्टमध्ये 'जवळ' म्हणून उतरते.

पाचपैकी साडेतीन. खरेपणाला पाच, उपयोगाला दोन. जे मोजता येत नाही त्याचा आकडा छापत नाही, हे या कागदाचं मोठेपण. पण 'खाली' म्हणजे किती खाली, हे सांगायला काय हरकत होती?

याच रिपोर्टवर जगणारा एक धंदाही आहे. 'सीपीआर अ‍ॅनालिसिस' म्हणून पैसे घेऊन रंगीत आलेख काढून देतात, त्यात प्रत्येक विभागाला टक्के दिलेले असतात. कागदावर तीन शेऱ्यांपलीकडे काही नसताना ६२ टक्के कुठून आले, एवढा एक प्रश्न विचारावा. वर सांगितलेली वाट्यांची यादी आणि एक पेन्सिल यात ते काम दहा मिनिटांत होतं.

ओईटी आणि आयईएलटीएस

इंग्लंडच्या वाटेवरच्यांसाठी इंग्रजीच्या परीक्षांचे हे दोन कागद. ओईटीचा निकाल दिसायला सगळ्यात देखणा: चार कौशल्यं, प्रत्येकाला ० ते ५०० मधला, दहाच्या पटीतला आकडा, आणि शेजारी ग्रेड. ४५० पासून ए, ३५० ते ४४० बी, ३०० ते ३४० सी प्लस, २०० ते २९० सी. इंग्लंडच्या एनएमसीला (नर्सची नोंदणी करणारी तिथली नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल) लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये ३५० आणि रायटिंगमध्ये ३०० लागतात.

फसगत सरासरीत आहे. समजा लिसनिंग ३९०, रीडिंग ३८०, रायटिंग ३६०, स्पीकिंग ३४०. बेरीज छान, सरासरी ३५० च्या वर, आणि अर्ज अडतो, कारण ओईटीत सरासरी हा प्रकारच नाही. स्पीकिंगचे दहा कमी पडले, संपलं. आयईएलटीएसमध्ये उलटा घोळ होतो. तिथं ओव्हरऑल बँड छापलेला असतो आणि तो गोल केलेला असतो: सरासरीत पाव आला तर पुढच्या अर्ध्यावर, पाऊण आला तर पुढच्या पूर्णावर. ७, ७, ६.५, ६.५ अशा चार बँडची सरासरी ६.७५, कागदावर ओव्हरऑल ७. घरी पेढे वाटले जातात. पण एनएमसीला रायटिंग सोडून तिन्हीत ७ लागतात, ६.५ ची सूट फक्त रायटिंगला. दोन ६.५ म्हणजे त्यातला एक तरी रायटिंगबाहेरचा, म्हणजे पेढे लवकर वाटले गेले. ओव्हरऑलवर बोट ठेवून झाकायचं आणि चारच आकडे वाचायचे.

दोन वेळच्या परीक्षांचे निकाल १२ महिन्यांच्या आतले असतील तर एनएमसी एकत्र धरते, पण त्यासाठीही दोन्ही वेळा प्रत्येक कौशल्यात ठरलेल्या किमान मर्यादेच्या खाली जाऊन चालत नाही. पुन्हा बसायचं ठरवण्याआधी हातातला जुना कागद त्यात बसतो का ते एनएमसीच्या साइटवर पडताळावं. बसत असेल तर चारऐवजी एकाच कौशल्यावर जोर देता येतो.

ओईटीच्या कागदात काय नाही ते महत्त्वाचं. रायटिंग सहा निकषांवर तपासलं जातं. पत्राचा हेतू हा एक, त्याला तीनपैकी मार्क. मजकूर, नेमकेपणा, शैली, मांडणी आणि भाषा या पाचांना सातपैकी. निकालावर यातलं काही दिसत नाही, फक्त २९० दिसतं. ते २९० बहुधा इंग्रजी कच्चं म्हणून येत नाही. केस नोट्समधली ओळ न ओळ पत्रात उतरवली जाते म्हणून येतं. १८० ते २०० शब्दांच्या पत्रात वीस वर्षांपूर्वीचं अपेंडिक्स आणि आजोबांचा मधुमेह लिहिला की मजकूर आणि नेमकेपणा दोन्हीकडे मार्क जातात. हेतू पहिल्या परिच्छेदात नसेल तर तिथेही. पुन्हा बसण्याआधी आपलीच पाच जुनी पत्रं काढून त्यातली ज्यांच्यावाचून अडत नाही अशी वाक्यं खोडून बघावीत. बहुतेक वेळा पत्राचा तिसरा हिस्सा जातो आणि काही बिघडत नाही.

रीडिंग आणि लिसनिंग प्रत्येकी ४२ मार्कांचं, आणि साधारण ३० च्या आसपास बरोबर आले की ३५० येतात. रीडिंगमध्ये ३३०-३४० वर अडकलेल्यांनी आधी पहिला भाग तपासावा: १५ मिनिटांत २० प्रश्न, आणि वेळ संपली की तो भाग परत हाती येत नाही. तिथं पाच प्रश्न कोरे राहिले तर पुढे कितीही चांगलं वाचलं तरी भरून निघत नाही. स्पेलिंगचीही काळजी घ्यावी. उत्तर मजकुरातूनच उचलायचं असताना अक्षर गाळणं हा निव्वळ आळस.

सीईटी आणि नॉरसेटचं पर्सेंटाइल

बारावीनंतर बी.एस्सी. नर्सिंगला राज्याची सीईटी, आणि डिग्रीनंतर एम्सच्या नोकरीसाठी नॉरसेट. दोन्हीकडे कागदावर पर्सेंटाइल, आणि दोन्हीकडे ते टक्के म्हणून वाचलं जातं.

पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी मार्क किती जणांना आहेत, ते शेकड्यात. समजा एका सत्रात ४,००० जण बसले, तुम्हाला १०० पैकी ६२, आणि ६२ किंवा त्याहून कमी मार्क ३,४०० जणांना. ३,४०० भागिले ४,०००, गुणिले १००: पर्सेंटाइल ८५. मार्क ६२ च. दुसऱ्या सत्रात पेपर सोपा निघाला आणि तिथं ६२ किंवा कमी मार्क ४,००० पैकी २,८०० जणांनाच असतील, तर त्याच ६२ चे ७० होतात. मैत्रिणीला सारखेच प्रश्न सुटले होते आणि तिचं पर्सेंटाइल जास्त आलं, याची तक्रार करण्याआधी तिचं सत्र कोणतं ते विचारावं. दशांशापुढचे सात आकडे अचूकपणा दाखवायला नसून दोघांचं पर्सेंटाइल सारखं येऊन गुंता होऊ नये म्हणून आहेत. आणि वेगवेगळ्या विषयांची पर्सेंटाइल मिळवून भागून 'माझं एकूण' काढता येत नाही, ती मिळवण्याजोगी संख्याच नाही.

सीईटीत १०० प्रश्न, १०० मार्क, दीड तास; भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड, प्रत्येकी २०. चुकीला वजाबाकी नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे पर्सेंटाइल फुकट देणं. नॉरसेटला हीच सवय महागात पडते. तिथं चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क जातो. ७० बरोबर, २४ चूक, ६ कोरे: ७० वजा ८, हाती ६२. त्या २४ मधले १२ निव्वळ अंदाज असतील आणि ते सोडले असते तर ६६ झाले असते. रांगेच्या मध्यावर एकेका मार्काला गर्दी असते, तिथं चार मार्क पर्सेंटाइल बरंच हलवतात. टोकाला तेवढं नाही.

आणि नॉरसेटची प्रिलिम्स फक्त उंबरठा. तिचे मार्क अंतिम यादीत धरत नाहीत, मेन्सचेच धरतात. प्रिलिम्सला ९५ पर्सेंटाइल आलं म्हणून निवांत झालेले आणि ७० वर घाबरून अभ्यास सोडलेले, दोघंही चुकीचा कागद वाचत असतात.

परीक्षण म्हणून पाहिलं तर पर्सेंटाइलचा कागद प्रवेशाच्या रांगेसाठी उत्तम आणि अभ्यासासाठी निरुपयोगी. रांगेत तुम्ही कुठं आहात ते सांगतो, का आहात ते नाही.

एनएमसीची सीबीटी

ही इंग्लंडच्या नोंदणीसाठीची संगणकावरची परीक्षा. थोडक्यात: भाग अ गणिताचा, १५ प्रश्न, अर्धा तास, भाग ब क्लिनिकल, १०० प्रश्न, अडीच तास. निकाल दोन्हींचा वेगवेगळा, पास किंवा नापास. एकच भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. अ राहिला असेल तर त्यात गोंधळ ठरलेला: मायक्रोग्रॅम-मिलिग्रॅम, ड्रिपचा मिलिलिटर प्रतितास आणि थेंब प्रतिमिनिट यांतली अदलाबदल. भागाकार कुठला, एकक कुठलं, हे कागदावर लिहून आठवडाभर रोज दहा गणितं, एवढं पुरतं.

नावाची ओळ

या सगळ्या कागदांवर एक ओळ अशी आहे जी कुणी वाचत नाही आणि जिच्यामुळे सगळं अडतं. आपल्याकडे दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, नाव आणि वडिलांचं नाव दुसऱ्यात. लग्नानंतर डिग्रीवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. परीक्षेची नोंदणी मार्कशीट बघून केली की हॉलतिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही, सेंटरवर आत सोडत नाहीत, आणि सोडलंच तरी स्कोअर रिपोर्ट पुढच्या अर्जाशी जुळत नाही. परदेशी परीक्षेची नोंदणी करताना पासपोर्ट समोर उघडा ठेवावा आणि त्यातल्या रकान्यांप्रमाणेच नाव टाकावं. नाव बदललं असेल तर गॅझेट आणि विवाह नोंदणी दाखला यांच्या प्रती आधीच काढून ठेवाव्यात. निकाल आल्यावर नाव दुरुस्त करायला जे आठवडे जातात, ते त्या ४५ दिवसांत कुणी मोजलेले नसतात.